आईसोबत कुठला सिनेमा बघू?

पत्र परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलंय. लिहिणारी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ओळख पटेल असं सगळं काढून पत्राचा गाभा देते:

"ताई, माझा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यानं मला मुंबईला बोलावलं, म्हणाला सिनेमे दाखवतो. थिएटरात गेल्यावर कळलं, तो गे, लेस्बियन, ट्रान्स लोकांच्या सिनेमांचा महोत्सव होता. दुसऱ्या दिवशी चहा पिताना तो म्हणाला, 'आक्का, मी पण यांच्यातलाच आहे.' मी त्याचा हात धरून बसले. वाईट नाही वाटलं, भीती वाटली. घरी त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. तुळशीचं लग्न झालं की बार उडवून देऊ, असं दादा, म्हणजे आमचे वडील, म्हणायलेत. आईला सांगायची आमची दोघांची हिंमत होईना. महोत्सवात पाहिलेल्या परदेशी सिनेमांबद्दल तुम्ही लिहिता, म्हणून विचारते. असे चार-पाच सिनेमे सांगा, की आईला दाखवले म्हणजे तिला आपोआप कळेल. आईला इंग्रजी येत नाही. लई आशेनं लिहिलंय."

आक्का,

भाऊ तुला हाक मारतो त्याच नावानं लिहिते. तुझ्या पत्रातल्या एका शब्दाशी मी अडकले: 'आपोआप'. सिनेमा बघून आईला आपोआप काहीच कळणार नाही गं. ती बघेल, डोळ्याला पदर लावेल, 'काय एकेकाचं नशीब' म्हणेल आणि भाकरी टाकायला उठेल. पडद्यावरच्या पोराचा आणि आपल्या पोराचा संबंध तिच्या मनात येणारही नाही. किंवा येईल तो भलत्याच वेळी, पाहुणे ओसरीवर बसलेले असताना. सांगायचं ते तोंडानंच सांगावं लागेल, आणि ते तुझ्या भावानं, त्याला वाटेल त्या दिवशी. त्याला विचारल्याशिवाय आईसमोर एकही सिनेमा लावू नकोस. हे आधीच लिहिते, कारण तुझी त्याच्यावर जिवापाड माया आहे आणि मायेपोटीच माणसाच्या हातून घाई होते.

मग सिनेमे कशाला बघायचे? शब्दांसाठी. आपल्या बोलीत या माणसांसाठी काय शब्द आहेत ते आठवून बघ. जे आठवतील ते सगळे शिव्या म्हणून वापरलेले असतील. पारावर, बस स्टँडवर, शाळेच्या मैदानावर आपण तेच ऐकत मोठे झालो. तुझ्या भावानं आईला सांगायचं ठरवलं, तर तो कोणत्या शब्दात सांगेल? 'यांच्यातलाच' असं तो तुला म्हणाला. शब्द नव्हता म्हणूनच तसं म्हणाला.

आता आईला इंग्रजी येत नाही ही तुला अडचण वाटते. मला ती संधी वाटते. परदेशी सिनेमाची खालची अक्षरं तुला मोठ्यानं वाचून मराठीत सांगावी लागतील. पडद्यावरची बाई 'तो माझा पार्टनर होता' म्हणाली की तुला ते तुझ्या तोंडानं म्हणावं लागेल: 'तो माझा जोडीदार होता.' हा शब्द तुमच्या घरात, तुझ्या आवाजात, आईच्या कानावर पहिल्यांदा पडेल. मी हे स्वतः केलंय, त्याबद्दल पुढे सांगते. 'जोडीदार' हाच शब्द घे. त्यात बाई-पुरुष काही ठरलेलं नाही, आणि आईला तो परका वाटणार नाही.

तू लग्नाचं लिहिलंस, म्हणून पहिला 'द वेडिंग बँक्वेट'. आंग ली या तैवानच्या दिग्दर्शकाचा, १९९३ सालचा. बर्लिनच्या महोत्सवात त्याला गोल्डन बेअर मिळालं होतं. न्यूयॉर्कला राहणारा तैवानचा मुलगा, त्याचा गोरा जोडीदार सायमन, आणि तिकडे गावी नातवंडासाठी झुरणारे आईबाप. आईबापांच्या समाधानासाठी मुलगा आपल्या भाडेकरू मुलीशी खोटं लग्न ठरवतो. तिलाही तिथं राहायला कागद हवे असतात. आईबाप थेट लग्नालाच येऊन धडकतात, कोर्टातलं दहा मिनिटांचं लग्न बघून आईला रडू कोसळतं आणि मग जेवणावळीचा जो थाट उडतो तो आपल्याकडच्या लग्नघरासारखाच आहे. मला त्यातलं सगळ्यात खरं वाटलं ते पुढचं. मुलगा आईला सांगतो, आई म्हणते वडिलांना कळू देऊ नको. वडिलांना तर आधीच कळलेलं असतं. ते सायमनला गुपचूप सांगतात, आणि वर म्हणतात की हे बाकीच्यांना सांगू नको. एका घरात सगळ्यांना माहीत, आणि सगळेच एकमेकांपासून लपवतायत. हा सिनेमा आधी तू आणि भाऊ मिळून बघा. तुमच्या दादांना किंवा आईला थोडं तरी कळलेलं असेल का, हा प्रश्न तुम्हाला दोघांनाही पडेल. मला तुझं पत्र वाचताना पडला.

खोट्या लग्नाचा विषय निघालाच आहे तर 'जॉयलँड'बद्दल जरा सावकाश लिहिते, कारण तो आपल्या फार जवळचा आहे. पाकिस्तानातल्या साइम सादिक या तरुण दिग्दर्शकाचा हा पहिला मोठा सिनेमा. २०२२ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला 'क्वियर पाम' मिळालं. त्या महोत्सवात या विषयावरच्या उत्तम सिनेमाला २०१० पासून हा पुरस्कार देतात. अशाच सिनेमांचा मुंबईचा 'कशिश' महोत्सवही त्याच वर्षी सुरू झाला. पुढे बघण्यासारखं काही शोधायचं असेल तर 'क्वियर पाम' आणि बर्लिनचं 'टेडी' ही दोन नावं लक्षात ठेव. टेडी तर १९८७ पासून आहे.

'जॉयलँड' लाहोरच्या एका एकत्र कुटुंबात घडतो. चाकाच्या खुर्चीवरचा सासरा, दोन मुलं, दोन सुना, मोठीला मुलीच मुली. धाकटा हैदर बेकार आहे, घरातली कामं करतो, आणि त्याची बायको मुमताज मेकअपचं काम करून कमावते. हैदरला नाचाच्या थिएटरात नोकरी लागते, तिथं तो बिबा नावाच्या ट्रान्स नर्तकीच्या प्रेमात पडतो. तिचा भलामोठा कटआउट स्कूटरवर धरून तो रात्रीच्या गल्ल्यांतून घरी आणतो, तो प्रसंग मी कधी विसरणार नाही. पण हा सिनेमा खरा मुमताजचा आहे. नवऱ्याला नोकरी लागली म्हणून तिला घरात बसवलं जातं. कुणी तिच्यावर हात उगारत नाही, कुणी तिला टाकून बोलत नाही. ती आतल्या आत संपत जाते. शेवट फार जड आहे, ती जीव देते. हे आधीच सांगून ठेवते, कारण न सांगता तो अंगावर आला तर सोसत नाही. काही प्रसंग आईसोबत बसून बघण्यासारखेही नाहीत.

म्हणून हा तू एकटी बघ. भाषा उर्दू-पंजाबी आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली दखनी ऐकत वाढलेल्या माणसाला अर्धं तर अक्षरं न वाचताच कळतं, आणि कळलं की जास्त लागतं. 'एकदा लग्न झालं की सगळं सुरळीत होईल' असं दादा म्हणतील तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर मुमताज असू दे. ज्या घरची मुलगी तुमच्याकडे येईल तिलाही एक आई असेल, तिचीही एखादी आक्का असेल. भावाला पाठिंबा देताना त्या न पाहिलेल्या मुलीची बाजू धरणारं घरात कुणी तरी हवं, आणि सध्या तरी ती तूच आहेस.

पाकिस्तान सरकारनं आधी या सिनेमावर बंदी घातली, मग उठवली, पण पंजाब प्रांतात ती तशीच राहिली. म्हणजे लाहोरच्या गल्ल्यांचा सिनेमा लाहोरच्याच लोकांना थिएटरात बघता आला नाही. केनियाच्या 'रफीकी'चंही असंच झालं. रफीकी म्हणजे स्वाहिली भाषेत मित्र किंवा मैत्रीण. वानुरी काहिऊ या बाईंनी केलेला. निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या दोन पुढाऱ्यांच्या मुली एकमेकींच्या प्रेमात पडतात. वस्तीतल्या टपरीवरची कुजबुज, प्रचाराचे कागद, 'साहेबांची पोरगी' म्हणून प्रत्येकाची तिच्यावर नजर, हे आपल्या गावातलंच वाटेल तुला. २०१८ साली मायदेशी बंदी असताना तो कानला दाखवला गेला. कोर्टानं फक्त सात दिवसांसाठी बंदी उठवली तेव्हा नैरोबीत लोकांनी थिएटरं भरून टाकली. तो महिना सप्टेंबरचा. त्याच महिन्याच्या ६ तारखेला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ चा निकाल दिला होता. दोन सज्ञान माणसांचं आपखुशीचं नातं तेव्हापासून आपल्याकडे गुन्हा नाही. दादांना पोलिस-कोर्टाची भीती असेल तर हे सांग. लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ती मिळाली नाही. आणि कुणी पाहुणा 'डॉक्टरकडे नेऊन बरं करू' म्हणाला, तर जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलंय, एवढं वाक्य पाठ करून ठेव.

आता आईसोबत काय बघायचं ते. मी दोनच सांगेन.

एक 'प्राइड', २०१४ सालचा, इंग्लंडचा. गोष्ट खरी आहे. १९८४-८५ मध्ये तिथले कोळसा खाणकामगार वर्षभर संपावर होते. घराघरांत चूल पेटायची मारामार. लंडनमधल्या काही गे आणि लेस्बियन तरुणांनी रस्त्यावर बादल्या घेऊन त्यांच्यासाठी पैसे गोळा केले आणि वेल्सच्या एका खोऱ्यातल्या गावाला ते द्यायला गेले. गाव आधी बिचकलं. मग गावातल्या म्हाताऱ्या बायांनी या पोरापोरींना घरात झोपायला जागा दिली, जेवू घातलं, प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं. पुढच्या वर्षी लंडनच्या प्राइड मोर्चाला, म्हणजे गे-लेस्बियन लोकांच्या मोर्चाला, हेच खाणकामगार आपले बॅनर घेऊन गाड्या भरभरून आले. दुष्काळात चारा छावण्या बघितलेल्या, मोर्चाला भाकरी बांधून दिलेल्या बाईला हे समजावून सांगायची गरज नाही. अडीअडचणीला कोण धावून आलं, याचा हिशेब आपल्या आया पक्का ठेवतात.

त्यात एक प्रसंग आहे. गावातला एक म्हातारा गृहस्थ आणि एक बाई हॉलच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी उभे राहून पावाला लोणी लावतायत, मोठा ढीग करायचाय. लावता लावता तो हळूच म्हणतो की मीही त्यांच्यासारखाच आहे. आणि बाई म्हणते, मला कितीतरी वर्षांपासून माहीत आहे. पावाचं काम चालूच राहतं. मिठी नाही, रडारड नाही. तो प्रसंग आला की आईकडे बघू नकोस. पडद्याकडेच बघ आणि नेहमीच्या आवाजात वाक्य मराठीत सांग.

दुसरा परदेशी नाही, पण तुझ्या कामाला सगळ्यात जास्त येईल. 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे यांचा मराठी सिनेमा. २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जगभरच्या सिनेमांतून त्याला ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. म्हणजे परदेशातल्या लोकांनी शिफारस केलेला आपला सिनेमा, असं समज. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, तिथं शेती करणारा बाळपणीचा मित्र भेटतो. भावकी बसली की लग्नाचा विषय. काय खायचं, काय नाही, पायात काय घालायचं, सगळ्याला सुतकाचे नियम. आणि यातली आई आपल्या लेकाबद्दल जाणून आहे. ती मोठं भाषण करत नाही, पाहुण्यांचे प्रश्न अंगावर घेते. आपल्या आयांना असं वागताना मी पडद्यावर फार वेळा पाहिलेलं नाही. इथं तुला काहीच वाचून दाखवावं लागणार नाही. निवडुंगाची लाल बोंडं बघून आईला तिचं माहेर आठवेल आणि ती बोलायला लागेल. बोलू दे. सिनेमा थांबला तरी चालेल.

तुझी आई दूरदर्शनवर सिनेमे बघत मोठी झाली असेल, तर 'उंबरठा' तिनं पाहिला असण्याची शक्यता आहे. १९८२ चा, जब्बार पटेलांचा. त्यात महिलाश्रमातल्या दोघी जणींचं नातं आहे. तेव्हा आपल्याला ते दिसलं आणि आपण त्यावर काही बोललो नाही. तिथून विषय काढता येईल.

आता माझा अनुभव. चिलीचा 'अ फँटॅस्टिक वुमन' मी माझ्या मोठ्या जाऊबाईंना दाखवला होता. त्या जालन्याच्या, सत्तरीच्या, मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या. मला तो पुन्हा बघायचा होता, त्या शेजारी बसून शेंगा फोडत होत्या, म्हणाल्या, 'मला बी सांग काय म्हणायलेत ते.' मरीना नावाची ट्रान्स बाई, हॉटेलात वाढपी आणि रात्री गाणारी. तिचा वयानं मोठा जोडीदार एका रात्री अचानक दगावतो. मग त्याच्या घरचे तिला घर सोडायला लावतात, तिचं कुत्रं काढून घेतात, अंत्यविधीला येऊ नको म्हणून बजावतात. पोलिस तिच्यावरच संशय घेतात, तपासणीचा प्रसंग अंगावर काटा आणतो. भूमिका करणारी डॅनिएला वेगा स्वतः ट्रान्स आहे आणि सिनेमाला २०१८ साली परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. जाऊबाईंना मी यातलं काही सांगितलं नाही. मी फक्त वाक्यं सांगत गेले. पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी विचारलं, 'ही बाई हाय का बाप्या?' मी म्हणाले, 'बाई आहे. जन्मली तेव्हा लोकांनी मुलगा म्हणून वाढवलं.' त्यांनी 'हं' केलं आणि शेंगा फोडत राहिल्या.

एका ठिकाणी मरीना रस्त्यानं चालतीये आणि समोरून वारा इतका वाढतो की ती त्यावर रेलून, जवळजवळ आडवी होऊन उभी राहते. तिथं जाऊबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. सिनेमा संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की कुत्रं तिला मिळालं ना परत? मिळालं, म्हणाले. टरफलं गोळा करून त्या उठल्या. मला वाटलं, गेलं सगळं वाया. चौथ्या दिवशी मेथी निवडता निवडता, काही विषय नसताना म्हणाल्या, 'मयतीला तरी येऊ द्याव होतं तिला.' त्यांच्या सख्ख्या दिराच्या मयतीत एका बाईला उंबऱ्याबाहेर थांबवलं होतं, ती गोष्ट मग त्यांनी मला पहिल्यांदा सांगितली. ती वेगळीच गोष्ट होती, या विषयाची नव्हती. पण त्यांना मरीना कळली ती तिथून.

म्हणून सांगते, सिनेमा संपल्या संपल्या 'आई, काय वाटलं?' असं विचारू नकोस. शाळेत धडा संपला की आपण प्रश्न विचारतो, ती सवय घरी नको. तिच्या हाताला काही काम असू दे, तूर निवडायला घे, वाती वळायला घे. चार दिवस जाऊ देत.

भावासाठी 'गॉड्स ओन कंट्री'. इंग्लंडच्या यॉर्कशरमधला, २०१७ चा, फ्रान्सिस ली यांचा. त्यात शरीरसंबंधांचे उघड प्रसंग आहेत, तेव्हा तो त्यानं त्याचा बघावा. पण पुण्यात राहून गावच्या शेताची लाज आणि ओढ दोन्ही वाटणाऱ्या पोरानं तो बघायलाच हवा. बापाला पक्षाघाताचा झटका आलेला, मेंढ्यांचा सगळा भार एकट्या मुलावर, तो रोज दारू पिऊन पडणारा. मदतीला रुमानियाचा एक मजूर येतो. मेलेल्या कोकराचं कातडं काढून तो दुसऱ्या कोकराच्या अंगावर सदऱ्यासारखं चढवतो, म्हणजे मेंढी त्याला आपलं समजून पाजेल. आपल्याकडे वासरू दगावलं की कातड्यात पेंढा भरून गायीपुढे ठेवायचे, ते मला आठवलं. त्या मुलाला प्रेम करायला शिकवलं जातं ते अशा कामांतून. शेवटी शेवटी तो आपल्या लुळ्या पडलेल्या बापाला अंघोळ घालतो आणि बाप कसंबसं त्याचे आभार मानतो. तुमचे दादा आणि तुझा भाऊ यांच्यात बोलणं कमी असेल असा माझा अंदाज आहे. चुकला असेल तर कळव.

बेल्जियमचा 'क्लोज' खूप गाजला, कानला मोठं पारितोषिक मिळालं, कुणी तरी सुचवेलच. दोन तेरा वर्षांच्या मित्रांची गोष्ट, चिडवण्यानं तुटलेली, आणि एक मुलगा जीव देतो. उत्तम आहे, पण या दिवसांत तुम्ही दोघांनीही तो बघू नये. आणि भाऊ कधी फोनवर फारच खचलेला वाटला, तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर, रात्री-अपरात्रीही. नंबर त्याला आजच पाठवून ठेव.

हे सिनेमे आज कुठल्या ॲपवर आहेत ते मी लिहीत नाही, दर दोन महिन्यांनी जागा बदलतात. नाव टाकून शोधलंस की सापडेल. चोरून उतरवलेली प्रत घेऊ नकोस. अक्षरं चुकीची असतात आणि तुझं तर सगळं काम त्या अक्षरांवरच आहे. आईसोबत लावायच्या आधी प्रत्येक सिनेमा एकदा पूर्ण बघ आणि कुठं चहा टाकायला उठायचं ते ठरवून ठेव.

आणि त्याही आधी आज रात्री भावाला फोन कर. त्या दोन दिवसांत त्यानं तुला शेजारी बसवून जे सिनेमे दाखवले, त्यातला त्याला कुठला सगळ्यात आवडला ते विचार. सुरुवात त्या सिनेमापासून कर. माझी यादी त्यानंतर.

तुझी,
ताई